तीन नंबरच्या टेबलावरची टिकली

माय, तू गेलीस त्याला सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला काही सांगावं असं मला एकदाही वाटलं नाही. त्याचं कारण तुला ठाऊक आहे, आपल्या दोघींचं शेवटपर्यंत नीट जमलं नाही. आज सांगावंसं वाटतंय, तर तेही मायेनं नव्हे, चिडूनच. चांगला कामाचा वार असून मी गारखेड्यातल्या घरी ओट्याशी पाट टाकून बसलेय, कारण कंपनीनं लाईन बंद ठेवलीय. बाहेरच्या देशातनं स्वस्त माल आला की आमच्या गोदामात थप्प्या लागतात, थप्प्या लागल्या की आम्हाला सुट्टी, आणि सुट्टी लागली की माणसाला नको ते आठवत बसायला वेळ मिळतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बसलीस कशाला मग, डाळ निवड." डाळ निवडून झाली. आता ऐक.

तू होतीस तेव्हा मी शर्टाच्या कारखान्यात कॉलरी शिवत होते. आता मी सोलर पॅनलच्या कंपनीत आहे, जालना रोडला, शहराच्या बाहेर. पॅनल म्हणजे उन्हावर वीज तयार करणारी काच. तू लगेच म्हणशील, उन्हाचं काय कौतुक, आपल्याकडं तेवढं एकच तर फुकट मिळतं. खाली काच, तिच्यावर गोंदाचा पारदर्शक कागद, त्यावर सेलच्या ओळी. सेल पापडासारखे पातळ असतात, जरा दाबलं की मोडतात. टेबलावरच्या पोरी हातानं सोल्डर करून, म्हणजे कथलाचा डाग देऊन, त्या ओळी एकमेकींना जोडतात, वर पुन्हा गोंदाचा कागद येतो आणि मग सगळं भट्टीत जातं. भट्टीत गोंद वितळतो आणि सगळं असं एकजीव होतं की पंचवीस वर्षं आत पाण्याचा थेंब जाणार नाही, अशी ग्यारंटी देतात. आत चुकून केस राहिला, धागा राहिला, तर तोही पंचवीस वर्षं आतच. म्हणून पोरींच्या डोक्यावर भुवयांपर्यंत टोप्या असतात, हातात मोजे असतात आणि भिंतीवर पाटी असते: बांगड्या नकोत, घड्याळ नको, पिना नकोत, टिकली नको. मी सांगतेय तेव्हा या टेबलांची मी लाईन लीडर होते. नव्या पोरींना शिकवायचं काम माझंच.

पोरी म्हणजे फुलंब्रीच्या, करमाडच्या, पडेगावच्या. कंपनीच्या बसा त्यांना गावावरनं आणतात आणि सोडतात. पहिल्या दिवशी ओढणी दातात धरून बसमधनं उतरणारी पोरगी सहा महिन्यांत स्वतःच्या स्कूटीवर येते, बँकेत स्वतःच्या सहीनं पैसे काढते. सोयरीक जुळवणारे आता आधी विचारतात, पोरगी सोलरला आहे का? आहे म्हटलं की पुढचं बोलणं जरा नरमतं. हे चांगलंच झालं, मी नाय म्हणत नाही. पण त्याच पोरीचे सात महिने भरत आले की तिला 'ब्रेक' मिळतो. कायम करायला लागू नये म्हणून ठेकेदार तिला महिनाभर घरी बसवतो आणि मग नव्या कागदावर परत घेतो. घेतलं तर घेतलं. आमच्याकडं कुणाला काढलं असं कधी म्हणत नाहीत. ब्रेक दिलाय म्हणतात आणि परत बोलवायचं विसरतात. त्या यादीवर लाईन लीडरची सही लागते, म्हणजे तेव्हा माझी.

आमच्यात पोरींना गावावरनं हाक मारतात, म्हणून मीही तशीच सांगते. तीन नंबरच्या टेबलावर समोरासमोर दोघी होत्या, एक फुलंब्रीवाली आणि एक पडेगाववाली. फुलंब्रीवालीचा नवरा लग्नाच्या चौथ्या वर्षी गेला. पदरात एक पोरगं. सासरचे शेतीवाले, चारचौघांत मान असलेले. त्यांनी तिला कामाला पाठवलं ते फक्त एवढ्यासाठी की तिचा धाकटा दीरच आमची फुलंब्रीची बस चालवतो. घरातनं उठून त्याच्या मागच्या सीटवर बसायचं आणि तिथनंच परत घरात शिरायचं. गेटपासच्या फोटोत तिचं कपाळ मोकळं आहे, तुझ्यासारखं. तर ही बाई कामाला लागून दोन महिने झाले असतील, मी तिची टोपी नीट करायला गेले आणि कडेला टिकली दिसली. मरून रंगाची, बारीक. ती अशी दचकली की हातातला सेल मोडला. "मॅडम, बसमधे चढायच्या आधी काढते मी. कुणाला दिसत नाय, टोपीखाली असती." मी म्हटलं, कुणाला दिसत नाही तर लावतेस कशाला? तर म्हणाली, "हात धुताना आरशात मला दिसती ना." ती पहिली टिकली तिला पडेगाववालीनं दिली होती, स्वतःच्या पाकिटातली. पडेगाववाली बौद्धांच्या घरातली, बोलायला फटकळ. मला म्हणाली, "माझ्या मावशीचा नवरा वारला, तिनं एक दिवस टिकली काढली नाय. काय झालं? आभाळ पडलं व्हय?" दोघी जेवणाच्या सुट्टीत एकाच डब्यात जेवायच्या. मी त्या टिकलीकडं डोळेझाक केली, आणि तिला सूट दिल्यावर बाकीच्यांना कोणत्या तोंडानं बोलणार? पाटी भिंतीवर राहिली आणि सगळ्या लाईननं टिकल्या लावल्या.

डोळेझाक का केली, ते तुझ्यामुळं. दादा गेले, तुझं कुंकू पुसलं, तेव्हा तू अठ्ठावीस वर्षांची होतीस आणि आळीतल्या बायकांनी तुला हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं. तू मला पाठवायचीस. मी वाण घेऊन यायची आणि तू ते फडताळात ठेवून लगेच पीठ मळायला बसायचीस. तू कधी रडली नाहीस. रडली असतीस तर बरं झालं असतं. तुझा सगळा जोर एकाच गोष्टीवर होता, खरं बोलायचं. "खरं बोलून भाकरी जात असंल तर जाऊ द्यावी, तोंड तर आपलं राहतं." चिकलठाण्याच्या गोळ्यांच्या कंपनीत तू पॅकिंगला होतीस तेव्हा एकदा दोन रंगांच्या गोळ्या मिसळल्या गेल्या. साहेबानं विचारलं, ट्रे कुणी ठेवला? सगळ्या बायका खाली बघत राहिल्या आणि तू नाव सांगितलंस. आपल्याच आळीतली बाई, नवरा दारूडा, तीन लेकरं. तिला काढलं. तू घरी आलीस आणि म्हणालीस, मी पाहिलं ते सांगितलं, वर एक शब्द लावला नाही.

मग दुसऱ्या दिवसापासून तू रोज दोन भाकरी जास्त थापायला लागलीस. फडक्यात बांधून माझ्या हाती द्यायचीस, तिच्या दारात नेऊन द्यायला. मी तेव्हा नऊ वर्षांची. ती बाई दारातनं मला काय काय बोलायची ते मी तुला कधी सांगितलं नाही. चार दिवसांनी मी त्या भाकरी नाल्याच्या पुलाजवळ गाईला घालायला लागले आणि घरी येऊन सांगायची, घेतल्या. तुला कळलं तेव्हा तू चुलीपुढनं उठलीस, पिठाच्या हातानं माझ्या थोबाडीत मारलीस आणि म्हणालीस, "खोटं बोलून पुण्य पोचवतीस व्हय?" गालावर पीठ तसंच होतं, मी शाळेत गेले. माझा राग तेव्हापासूनचा आहे. मारल्याचा नाही. नाव तू सांगितलंस, आणि शिव्या मी खाल्ल्या. तू एकदाही स्वतः त्या दारात गेली नाहीस, माय. एवढं खरं बोलणारी बाई तू, तुझे पाय नेमके तिथंच का अडले?

असो. माल पाठवायच्या आधी घेणाऱ्याचा माणूस येऊन तपासणी करतो. एक दिवस तो टॉर्च घेऊन एका पॅनलपाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. काचेच्या आत, दोन सेलच्या फटीत, मरून टिकली. भट्टीतनं निघाली तरी रंग हललेला नव्हता. तो हसला, त्यानं मोबाईलवर फोटो काढला आणि अख्खा लॉट अडवला. पॅनलवर नंबर असतो, त्यावरनं टेबल आणि वेळ कळते. टेबल तीन, पाच दिवसांपूर्वी, जेवणाच्या आधीचा तास. मला शोधायची गरज नव्हती. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत फुलंब्रीवाली हात धुऊन आली ती कपाळ चाचपत, आणि पडेगाववालीनं हसत हसत तिला दुसरी टिकली दिली होती. आम्हाला वाटलं, टोपीत अडकली असेल.

साहेबानं मला केबिनमध्ये बोलावलं. बाहेरचा माणूस, हिंदीच बोलतो, वाईट नाही. त्यानं दोघींचे गेटपास टेबलावर मांडले, फोटो पाहिले. एक कपाळ मोकळं, एकावर टिकली. "ये तो विधवा है ना? तो इसकी कैसे होगी?" असं म्हणत त्यानं फुलंब्रीवालीचा पास बाजूला सारला, एखादा हिशोब सुटावा तसा. "दूसरी का नाम लिखो. ब्रेक में डाल दो, वापस मत लेना. कस्टमर को एक नाम चाहिए, बस." माय, मला त्या घडीला हसू आलं, रडूही आलं. जन्मभर जे मोकळं कपाळ बाईला चार पावलं मागं उभं करतं, तेच आज तिला वाचवत होतं. आणि वाचायला तिनं फक्त विधवा राहायचं होतं. मी म्हटलं, सर, दोघींशी बोलून सांगते.

कपडे बदलायच्या खोलीत दोघींना घेतलं. फुलंब्रीवाली भिंतीला टेकून खाली बसली. "मॅडम, माझं नाव लिवलं तर संध्याकाळपर्यंत दिराच्या कानावर जातंय. मला म्हायेरी धाडतील. पोरगं ठेवून घेतील. आधीच म्हणत्यात, तू जा, पोरगं इथं राहील." एवढं बोलून ती पडेगाववालीकडं बघेना, जमिनीकडंच बघत राहिली. पडेगाववाली लॉकरला पाठ लावून उभी होती. तिच्या घरी बापाची रिक्षा विकून झालेली, भाऊ कॉलेजात, घर तिच्यावर चाललेलं. मला हे सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणतेत ना? ती चोर नाय अन् मी संन्याशी नाय. लिवा माझं नाव." मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले तर तिनं खांदा काढून घेतला. "उपकार नाय करत मी कुणावर. ती बोलली तर तिला घरातनं काढतील. मला घरातनं कोण काढणार नाय, एवढाच फरक हाय. पण मॅडम, मला माहितीय कुणाची हाय, अन् तुम्हालाबी माहितीय. सही करताना तेवढं ध्यानात ठिवा." मग तिनं लॉकरमधनं चपला काढल्या, डबा काढला, आणि टिकल्यांचं पाकीट फुलंब्रीवालीच्या मांडीवर टाकलं. ते तिनं उचललं नाही. शेवटी मीच उचललं, कचऱ्यात टाकलं.

मी रिपोर्ट लिहिला. कारण सापडलं, दोषी कामगार सापडला, उपाय केला. मला सगळ्या लाईनसमोर टाळ्या मिळाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून गेटवर एक बाई ओला रुमाल घेऊन उभी राहायला लागली, प्रत्येकीचं कपाळ पुसायला. त्या पॅनलचं म्हणशील तर ते तपासलं तेव्हा वीज पुरेपूर देत होतं, टिकलीनं काही अडत नाही. विकता येत नाही म्हणून कंपनीनं तसली चार-पाच पॅनलं एका गावच्या शाळेला दान दिली, सत्कार झाला, पेपरात फोटो आला. माल खपला, माय. पोरगी तेवढी रिजेक्ट झाली. फुलंब्रीवाली अजून आहे. आता ती टेबलाची मुख्य आहे, कंपनीच्या मोठ्या पोस्टरवर हसणारा चेहरा तिचाच, खाली लिहिलंय की इथं स्त्रिया सूर्याला हात लावतात. हात लावतात खरं. तिनं त्या दिवसापासून टिकली लावली नाही आणि ती माझ्याशी कामापुरतं बोलते. पडेगाववाली गुलमंडीवर साड्यांच्या दुकानात घड्या घालते. एकदा मी त्या दुकानाच्या पायऱ्या चढले आणि ती दिसली, तशी उतरले. आता मी साडी घ्यायला सिडकोत जाते.

म्हणून म्हटलं तुलाच विचारावं. तू खरं बोललीस आणि एका बाईचं घर बसलं. मी गप्प राहिले आणि एका पोरीचं. तर तुझ्या त्या खऱ्याचा उपयोग काय? कुणाच्या पोटावर पाय न देणारं खरं तुझ्या फडताळात होतं का कधी? होतं तर मला का नाही दिलंस? मी वर्षभर स्वतःची समजूत घालत होते की माझ्या हातात काही नव्हतंच. एकीचं नाव लिहिलं तर पोरगं तुटतं, दुसरीचं लिहिलं तर घर तुटतं, मधे आपण कुऱ्हाडीचा दांडा, दांड्याला कुठं काय विचारतात? हे मी नवऱ्याला सांगितलं, बहिणीला सांगितलं. दोघांनाही पटलं. लोकांना अशा गोष्टी लवकर पटतात.

पण तुला पटणार नाही, आणि मलाही पटत नाही. त्या दिवशी त्या तासाला तीन नंबरच्या टेबलावर मीही वाकले होते. एक पट्टी तिरकी बसली होती, ती मी माझ्या हातानं सरळ केली. माझ्याही कपाळावर टिकली होती, त्याच पाकिटातली, मरून. साहेबानं दोन गेटपास मांडले तेव्हा, तिथंच, मला सुचलं होतं की सर, माझी आहे, एवढं म्हणावं. मी कायम नोकरीत. मला ब्रेक देता येत नाही. एक मेमो मिळाला असता, चार दिवस लोक हसले असते, आणि दोघी पोरी डबा खायला बसल्या असत्या. एक खोटं, माय, तीन शब्दांचं. तेव्हा मला तू आठवलीस, खोटं बोलून पुण्य पोचवतीस व्हय, आणि मी तुझ्या त्या थपडेमागं लपले. खरं कारण ते नव्हतंच. सुपरवायझरच्या जागेसाठी माझं नाव वर गेलं होतं, आणि मेमो असला की ते पत्र निघत नाही. पत्र निघालं. मी पेढे वाटले.

हे पान मी घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवणार आणि लाईन सुरू झाली की चुलीत घालीन म्हणणार, पण आता चूलही नाही. खरं तर हे पडेगावला जायला हवं होतं. तिचा पत्ता माझ्याकडं आहे, रिपोर्टात मीच तो लिहिलाय, आणि ती वाचून मला तोंडावर काय म्हणेल तेही माहीत आहे. तुला लिहिलं, कारण तू काही म्हणणार नाहीस.